मोरीखालची पेटी

इतिहास म्हटला की तख्ते आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मी आपणांस भटारखान्याच्या मोरीखालच्या एका पेटीचा इतिहास सांगणार आहे. तिला 'ग्रीज ट्रॅप' म्हणतात. रचना अगदी साधी. भांडी घासलेले तेलकट पाणी तीत शिरते, मंदावते, निवते. चरबी वर तरंगते, खरकटे तळाशी बसते आणि मधले पाणी उभ्या पडदीखालून गटाराकडे जाते. वरचा थर मात्र कुणाला तरी उपसावा लागतो. सारी मेख तिथेच आहे!

लंडनचेच पाहा. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली, तेव्हा कुठे राज्यकर्त्यांना जाग आली. (गरिबांच्या वस्तीत ती आधीपासून होतीच.) मग जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअराने विटांची भक्कम भूमिगत गटारे बांधली. पुढे शहर वाढले, उपाहारगृहे वाढली, तळण वाढले.

नियम नव्हते असे नाही. गटाराचा प्रवाह अडेल असे काही त्यात सोडणे 1991 च्या कायद्याने गुन्हा ठरले. व्यापारी भटारखान्यांना अशी पेटी किंवा तिच्यासारखी सोय असावी, असे 2002 च्या बांधकाम-नियमांच्या पुस्तिकेत आले. पण ते नव्या बांधकामापुरते. जुन्या भटारखान्यांच्या मालकांना कोण विचारतो?

2017 च्या सप्टेंबरात पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल या श्रमिकांच्या जुन्या वस्तीत, रस्त्याखाली 250 मीटर लांब, सुमारे 130 टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला. गटारात चरबी चुन्याशी मिळून साबणासारखी घट्ट होते, त्यात ओली पुसणी अडकतात. आठ कामगार पाण्याचे फवारे आणि फावडी घेऊन नऊ आठवडे तो फोडत होते. त्याचा तुकडा 2018 मध्ये संग्रहालयात मांडला गेला. फावडी कुणी मांडली असती तर बरे झाले असते.

आमच्याकडे तुंबलेले गटार मोकळे करायला माणूसच आत उतरवला गेला. संरक्षक साधनांवाचून त्याला उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी केली. 1993 पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले. 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पेटीची किंमत याच्यापुढे किती, ते हॉटेलमालकांनीच सांगावे.

आणि ती उपसणार कोण? रात्री दुकान मिटल्यावर, सर्वांत नवा पोऱ्या; त्या तासाचा पगार नाही. म्हणून आम्ही मागणीपत्रात एक कलम घालतो: पेटी उपसण्याचा वेळ कामाचाच धरावा, आणि हातमोजे मालकाने द्यावेत.