लँड रोव्हर आणि तिच्या पालकसंस्था

मूळ कंपनी व तिचे एखादे उपांग ह्यांचा संबंध सामान्यतः आश्रयदाता आणि आश्रित असा कल्पिला जातो. लँड रोव्हर ह्या आडवाटांवर चालणाऱ्या ब्रिटिश मोटारीचा इतिहास ह्या कल्पनेला छेद देणारा आहे. १९४८ पासून तिचे स्वामी अनेकदा बदलले. ह्या काळात दीर्घकाळपर्यंत पोषणाचा भार तिने वाहिला. निर्णयाचा अधिकार मात्र इतरत्र राहिला. मिळकत आणि निर्णय ह्यांची ही फारकत हेच ह्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोव्हर कंपनीची ख्याती मध्यमवर्गीयांच्या प्रतिष्ठित मोटारींसाठी होती. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाचे वाटप सरकारी नियंत्रणाखाली होते आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांना त्यात अग्रक्रम मिळत असे. सॉलिहल येथील युद्धकालीन विस्तीर्ण कारखाना हाती असूनही केवळ जुन्या धर्तीच्या मोटारींवर तो चालविणे कंपनीस कठीण होते. अशा वेळी मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स ह्यांना अँगलसी बेटावरील आपल्या मालमत्तेवर वापरात असलेल्या अमेरिकन जीपवरून नव्या वाहनाची कल्पना सुचली. त्यांचे बंधू स्पेन्सर विल्क्स हे कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. चारही चाकांना गती देणारे, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अंग असलेले हे वाहन एप्रिल १९४८ मध्ये अॅम्स्टरडॅम येथील प्रदर्शनात मांडले गेले. संचालकांच्या दृष्टीने ती तात्पुरती सोय होती. प्रत्यक्षात दोनच वर्षांत तिची विक्री कंपनीच्या अन्य मोटारींहून अधिक झाली. अशा रीतीने आश्रिताने आश्रयदात्याचा संसार चालविण्यास प्रारंभ केला.

१९६७ मध्ये रोव्हर कंपनी लेलँड समूहात गेली आणि १९६८ च्या विलीनीकरणातून ब्रिटिश लेलँड हा अवाढव्य समूह निर्माण झाला. १९७० मध्ये आलेल्या रेंज रोव्हरने शेतावरील कणखरपणा व शहरी सुखसोयी ह्यांचा मेळ घातला. तिला मागणी विपुल होती. परंतु ह्या शाखेचा नफा समूहातील तोट्याच्या मोटारींकडे वळविला जात राहिला. कारखान्याकडून येणाऱ्या रेंज रोव्हरला चार दरवाजे मिळण्यास १९८१ साल उजाडावे लागले, एवढ्या एका गोष्टीवरून भांडवलाची चणचण ध्यानात यावी. ह्याच काळात आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथील बाजारपेठांत जपानच्या टोयोटा लँड क्रूझरने तिची जागा घेतली. ही पीछेहाट मागणीच्या अभावी झाली नाही. मागणी असतानाही उत्पादन वाढविण्याचा निर्णय ज्यांच्या हाती होता, त्यांची निकड वेगळी होती.

१९७५ मध्ये ब्रिटिश लेलँडवर सरकारी स्वामित्व आले. १९७८ मध्ये लँड रोव्हर ही समूहांतर्गत स्वतंत्र कंपनी झाली आणि तिच्याकडे नवे भांडवल वळले. १९८६ मध्ये थॅचर सरकारने ती अमेरिकेतील जनरल मोटर्सला विकण्याच्या वाटाघाटी केल्या, तेव्हा सत्ताधारी पक्षातूनही विरोध झाला आणि तो व्यवहार फिसकटला. एव्हाना हे वाहन राष्ट्रीय अस्मितेचा विषय बनले होते.

१९८८ मध्ये ब्रिटिश एरोस्पेसकडे आणि १९९४ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडे रोव्हर समूह गेला. २००० मध्ये बीएमडब्ल्यूने त्याचे विभाजन केले, तेव्हा दोन्ही अंगांचे मोल उघड झाले. लँड रोव्हरसाठी फोर्डने सुमारे १८० कोटी पौंड मोजण्याचे मान्य केले. रोव्हर मोटारींचा व्यवसाय मात्र नाममात्र १० पौंडांना दुसऱ्या गटाकडे गेला आणि २००५ मध्ये तो बुडाला. पुढे २००६ मध्ये फोर्डने ‘रोव्हर’ हे नावही विकत घेतले. लँड रोव्हरच्या नावाला बाध येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. मातेचे नाव कन्येच्या रक्षणासाठी खरेदी व्हावे, हा उलटलेल्या नात्याचा बोलका पुरावा म्हणावा लागेल.

जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार व लँड रोव्हर ह्या दोन्ही कंपन्या २३० कोटी डॉलरला घेतल्या. आर्थिक मंदीमुळे आरंभीचे दिवस कसोटीचे गेले. तथापि २०११ च्या इव्होकसारख्या नव्या मोटारींनी चित्र पालटले आणि पुढील काही वर्षे टाटा मोटर्सच्या एकत्रित नफ्याचा मोठा हिस्सा ह्या ब्रिटिश शाखेतून आला. २०११ पासून पुण्यात लँड रोव्हरच्या गाड्यांची जुळणीही सुरू झाली. येथे जुनाच क्रम पुन्हा दिसतो. फरक इतकाच, की ह्या वेळी मिळकतीचा भरीव भाग नव्या इंजिनांकडे व नव्या प्रतिमानांकडे परत वळला.

२०२३ मध्ये कंपनीने रेंज रोव्हर, डिफेंडर, डिस्कव्हरी आणि जॅग्वार ही चार स्वतंत्र नाममुद्रांची मांडणी स्वीकारली. लँड रोव्हर हे नाव पाठीशी राहणारे विश्वासचिन्ह ठरले. जिने पालकांची नावे मागे टाकली, तिचेच नाव आता तिच्या अपत्यांच्या मागे उभे आहे. म्हणून अशा शाखेचे स्थान समूहाच्या रचनेच्या तक्त्यावरून ठरविणे अपुरे ठरते. तिने मिळविलेला पैसा कोठे खर्च झाला आणि तो खर्च कोणी ठरविला, ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतच तिचे खरे स्थान सापडते.