निरोधाच्या अपयशाची नोंद

पुरुषानें धारण करावयाच्या ज्या आवरणास हल्लीं निरोध म्हणतात, त्याचा इतिहास बहुधा द्रव्यांच्या क्रमानें सांगितला जातो: आधीं तागाचें वस्त्र, मग पशूंचें आतडें, शेवटीं रबर. हा क्रम स्थूलमानानें बरोबर आहे. परंतु गर्भधारणा टाळण्यास हें साधन कितपत समर्थ होतें, हें त्यावरून समजत नाहीं. त्यासाठीं फसलेल्या प्रसंगांची नोंद कोणीं व केव्हां ठेविली हें पाहिलें पाहिजे.

पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फालोप्पिओ याच्या मृत्यूनंतर १५६४ सालीं छापलेल्या फिरंगरोगावरील ग्रंथांत औषधांत भिजविलेल्या तागी आवरणाचें वर्णन आहे. ११०० पुरुषांवर प्रयोग केला असतां एकासही रोग जडला नाहीं, असें तो लिहितो. स्त्रीच्या बीजवाहक नलिकांस याच पंडिताचें नांव मिळालें आहे. तरी त्याची ही गणना रोगाची आहे, गर्भाची नव्हे. यास्तव गर्भनिरोधाच्या सिद्धीचा पुरावा म्हणून ती घेतां येत नाहीं.

वस्तुरूप पुराव्याचीही मर्यादा हीच. इंग्लंडांतील डडली किल्ल्याच्या शौचकूपांत पशूंच्या आंत्रत्वचेचीं आवरणें उत्खननांत मिळालीं. १६४७ सालीं किल्ल्याची तटबंदी पाडण्यांत आली, त्यापूर्वींचीं तीं होत. अशीं आवरणें वापरांत होतीं एवढें त्यांवरून सिद्ध होतें. जें आवरण फाटलें वा निसटलें, त्याचा परिणाम कुटुंबाच्या जन्मनोंदींत दडतो. आणि तेथें कारण लिहिण्याची चाल नव्हती.

१८४४ सालीं चार्ल्स गुडइयर यास गंधकसंस्कारित रबराचें एकस्व मिळालें व पुढें आवरणें स्वस्त झालीं. परंतु अपयश मोजण्याचें प्रमाण रेमंड पर्ल यानें १९३३ सालीं मांडलें: साधन वापरणाऱ्या १०० स्त्रियांपैकीं वर्षभरांत किती गर्भवती होतात? परिणाम जिला भोगावा लागतो, तिची गणना येथें प्रथम मुख्य झाली. अमेरिकेंतील अलीकडील अनुमानाप्रमाणें, निरोध प्रत्येक वेळीं बिनचूक वापरल्यास पहिल्या वर्षीं १०० पैकीं सुमारें २ स्त्रियांस गर्भ राहतो. प्रत्यक्ष वापरांत सुमारें १३ स्त्रियांस. हें अंतर मुख्यतः वापराचें आहे: कधीं आवरण उशिरा घातलें जातें, कधीं मुळींच नाहीं, कधीं तेलानें रबर कमजोर होतें.

महाराष्ट्रांत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढिलें व १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें. वाचकांच्या लैंगिक शंकांस दिलेल्या उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांजवर खटला झाला. त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घेतलें होतें. संग्राहकांनीं या गोष्टीचें मर्म ध्यानांत घ्यावें. जुन्या दप्तरांबरोबर मिळणारीं अशीं मासिकें, औषधविक्रेत्यांच्या जाहिराती व खाजगी शंकापत्रें अश्लील म्हणून रद्दींत जातात. परंतु साधन फसल्यावर घरांतील स्त्रीवर काय ओढवलें, हें कोठें उमटलें असेल तर अशाच कागदांत. ते तारीखवार जपून ठेवावे.