रात्रदराच्या विजेवरील जलतापन (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये १९७८ साली सुरू झालेल्या 'इकॉनॉमी ७' या योजनेनुसार रात्रीचे सात तास वीज स्वस्त दराने मिळते. त्या वेळात टाकीत तापवून ठेवलेले पाणी दिवसभर वापरले जाते.

अशा टाकीत सहसा दोन तापक असतात. गरम पाणी हलके असल्याने वर चढते. म्हणून तळाजवळचा तापक रात्री जवळजवळ संपूर्ण टाकी तापवतो, तर वरचा तापक दिवसा, महाग दराने, केवळ वरचा थर तापवतो. ३ किलोवॉटच्या तापकाने २१० लिटर पाणी १० वरून ६० अंश सेल्सियसपर्यंत नेण्यास सुमारे चार तास लागतात. त्यामुळे सात तास पुरेसे ठरतात. पाणी अपुरे पडण्याची कारणे बहुधा लहान टाकी, अपुरे उष्णतारोधक आवरण किंवा बंद असलेला खालचा तापक ही असतात. साठ्याचे तापमान ६० अंश राखल्यास लेजिओनेला जिवाणूंनाही आळा बसतो.