मागची चाकं, पुढची चाकं : नवी मुंबईत ड्रिफ्ट कुठून आलं?

सिम्युलेटर गेममध्ये गाडी ड्रिफ्ट करायला शिकणं हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का? सिनॉप्सिस दाखवल्यापासून हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर आता तोंडपाठ झालंय. विषय खरं तर गाडीचा नाहीच. एखादं कौशल्य एका जागेहून दुसऱ्या जागी कसं पोचतं, हा विषय आहे. ड्रिफ्ट हे उदाहरण, नवी मुंबई हे ठिकाण. तुमच्यातले जे सध्या पेट किंवा नेट-सेट देऊन विषय शोधताहेत, त्यांना प्रश्न हळूहळू कसा घडतो हे यातून दिसेल, म्हणून ही पोस्ट.

आधी ड्रिफ्ट म्हणजे काय ते थोडक्यात. वळणावर मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडायची, गाडी आडवी घसरू द्यायची, पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला धरायची आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर तो तोल वळण संपेपर्यंत टिकवायचा. जपानमध्ये १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा रेसर अशी वळणं घ्यायचा. त्याचं बघून केइची त्सुचियाने ती पद्धत डोंगरातल्या घाटरस्त्यांवर नेली. १९८७ साली त्याचा 'प्लसपी' हा व्हिडिओ आला, १९९५ मध्ये शुइची शिगेनोची 'इनिशियल डी' ही चित्रमालिका सुरू झाली, २००१ मध्ये डी-वन ग्रां प्री स्पर्धा आणि २००६ मध्ये 'टोकियो ड्रिफ्ट' हा सिनेमा. ही साखळी कुठेही वाचायला मिळते.

माझी अडचण तिथूनच पुढे सुरू झाली. आपल्याकडे ड्रिफ्ट कसं आलं असं कुणालाही विचारा, 'सिनेमा बघून पोरांना वेड लागलं' हेच उत्तर येतं. पण तोच सिनेमा न्यूझीलंडमध्ये लागला, आयर्लंडमध्येही लागला. तिथल्या मुलांनी जपानहून आलेली जुनी निसान सिल्व्हिया किंवा टोयोटा एई-८६ स्वस्तात घेतली आणि टायर जाळत शिकली. आपला खारघर-नेरूळचा मुलगा मात्र खुर्चीत बसला, टेबलाला स्टिअरिंग अडकवलं आणि स्क्रीनवर शिकला. सिनेमा दोन्हीकडे सारखाच असेल तर फरकाचं कारण सिनेमा असू शकत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्येच हा तर्क मांडून ठेवलाय. मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण तो पाठ करतो आणि थिसिस लिहायला बसलो की विसरतो. 'संस्कृतीचा प्रभाव' हा शब्दप्रयोग तुमच्या प्रस्तावनेत दोनदा आला असेल तर थांबा आणि त्याच्या खाली काय दडलंय ते बघा.

मी गाडीच्या खाली बघितलं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जिला पुढे पद्मिनी म्हणू लागले, मागच्या चाकांवर चालायची. अ‍ॅम्बॅसिडरसुद्धा. ताकद बेताची, त्यामुळे ड्रिफ्टचं नाव नको. पण पावसात मागचं टोक निसटणं म्हणजे काय, हे त्या गाड्या चालवणाऱ्याच्या अंगाला कळण्याची शक्यता तरी होती. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८००ची पहिली किल्ली ग्राहकाच्या हातात पडली आणि तिचं इंजिन पुढची चाकं फिरवत होतं. त्यानंतर झेन, सँट्रो, आपल्या पुण्याची इंडिका, सगळ्या तशाच. कारणं चोख होती: इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट लागत नाही, वजन कमी होतं, पाय ठेवायला जागा मिळते. शिवाय अशी गाडी वळणावर घसरली तर बहुधा नाकाने बाहेर जाते, पाय उचलला की सावरते. सामान्य माणसासाठी हे चांगलंच. ड्रिफ्टसाठी मात्र तिथेच दार बंद होतं. हँडब्रेक ओढून ती क्षणभर आडवी होईल, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं तिला खेचून सरळ करतात. (टाटा नॅनोचं इंजिन मागे होतं आणि चालायची ती मागच्याच चाकांवर, हे खरं. तिच्यावर कुणी प्रयोग केले असतील तर मला जरूर कळवा, पण माझा मुद्दा त्याने हलत नाही.)

राहिली आयात. १ एप्रिल २००१ ला गाड्यांवरची आयातबंदी उठली, पण जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको अशी अट आली, आणि वर शुल्क इतकं की किंमत दुपटीच्या पुढे जावी. ड्रिफ्ट जगभर पसरलं ते दहा-पंधरा वर्षं वापरून झालेल्या, आपटली तरी हळहळ न वाटणाऱ्या गाड्यांवर. उरणजवळ न्हावा शेवासारखं एवढं मोठं बंदर असून त्यातली एकही आपल्या कामाची नव्हती!

आणि जागा? सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली आणि तिने आखलेल्या शहराला रुंद, सरळ रस्ते मिळाले. पामबीच रोडवरच्या रात्रीच्या शर्यती आणि अपघात यांच्या बातम्या स्थानिक पानांवर वर्षानुवर्षं येत राहिल्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे विनापरवाना शर्यत हा गुन्हा आहे; २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. रीतसर ट्रॅक म्हणाल तर २०११ मध्ये ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट होईपर्यंत मोठी नावं दोनच, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टै आणि कोइमतूरचं कारी. दोन्ही तमिळनाडूत.

म्हणजे गाडी नाही, जागा नाही. कौशल्य आलं ते फाइलमधून.

पहिली फाइल फसवी होती. नोव्हेंबर २००३ मध्ये आलेल्या 'नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड'मध्ये ड्रिफ्टचा वेगळा प्रकार होता, पण त्यात पुढच्या चाकांवर चालणारी प्यूजो २०६ सुद्धा मजेत आडवी जायची. कोणती चाकं फिरतात हा मूळ प्रश्नच त्या गेमने पुसून टाकला. (मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. तीन आठवड्यांत हा गेम आला. योगायोग आहे, पुरावा नाही, आणि माझ्या थिसिसमध्ये तो तळटिपेच्या वर चढणार नाही.) खरा फरक केला 'लाइव्ह फॉर स्पीड'ने. तिघांनी मिळून बनवलेला हा गेम, २००२ पासून त्याचा डेमो फुकट, आकाराने छोटा, साध्या संगणकावर चालणारा. त्या डेमोत पुढच्या चाकांची एक्सएफ जीटीआय आणि मागच्या चाकांची एक्सआर जीटी अशा दोन्ही गाड्या मिळायच्या. तोच ट्रॅक, तेच वळण, गाडी बदलली की फरक हाताला कळायचा. तेही माउसने! स्टिअरिंग घ्यायला पैसे नसलेल्याला माउस डावीकडे-उजवीकडे सरकवून गाडी सांभाळता यायची. माझ्याशी बोललेल्या जुन्या खेळाडूंपैकी काहींची सुरुवात अशीच झालीय.

२०१४ मध्ये 'असेटो कोर्सा' पूर्ण स्वरूपात आला. आजचे शिकणारे बहुतेक त्यावर. क्रम ठरलेला: आधी मोकळ्या जागेत एकाच बिंदूभोवती गोल, मग आठचा आकडा, मग दोन वळणं जोडणं. सगळ्यात अवघड धडा स्टिअरिंग सोडण्याचा. मागचं टोक निसटलं की पुढची चाकं आपण होऊन घसरण्याच्या दिशेला वळू बघतात. स्टिअरिंगमधली मोटर तो ओढा हाताला देते. नवखा माणूस चाक घट्ट धरून ठेवतो आणि गाडी गरकन फिरते. सरावलेला ते हातातून फिरू देतो आणि नेमक्या क्षणी पकडतो. तो क्षण कुठला, हे शब्दांत कुणालाच सांगता येत नाही. मी खूप जणांना विचारलंय. 'कळतं', एवढंच उत्तर येतं.

इथे मला हॅरी कॉलिन्सकडे जावं लागलं. १९७४च्या त्यांच्या लेखात एका नव्या प्रकारचा लेझर वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी कसा बनवला याचा अभ्यास आहे. छापील लेख वाचून कुणालाच तो जमला नाही. ज्यांना जमला त्यांचा आधी यशस्वी झालेल्या माणसांशी संपर्क होता. मायकेल पोलानी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हणतात, ते माणसाकडून माणसाकडे जातं. मग खारघरच्या खोलीत ते कुणाकडून आलं? घरात, शेजारी, रस्त्यावर ड्रिफ्ट येणारा माणूसच नव्हता.

माझं म्हणणं असं की ते टायरच्या फाइलमध्ये लपून आलं. गेममधला टायर म्हणजे घसरण्याचा कोन आणि मिळणारी पकड यांचं गणित. डेल्फ्टचे हान्स पासेका यांच्या सूत्रामुळे अशी गणितं १९८०च्या दशकाच्या शेवटापासून रूढ झाली. पण टायर तपासणारी यंत्रं बहुधा लहान कोनांवरच मापं घेतात आणि ड्रिफ्टमध्ये गाडी तीस-चाळीस अंशांनी आडवी असते. तिथे मापं अपुरी पडतात. गाडी बनवणारा हौशी माणूस आकडा टाकतो, चालवून बघतो, पुन्हा बदलतो, 'बरोबर वाटेपर्यंत'. 'असेटो कोर्सा'त हे आकडे एका साध्या मजकूर-फाइलमध्ये असतात. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुणाच्या तरी हाताचा अंदाज आकड्यांत उतरतो आणि मोटरमधून इथल्या हाताला जाणवतो. कॉलिन्स यांचा संपर्क तुटलेला नाही, फक्त त्याचं रूप ओळखू येत नाही. गाईडना हे अजून पूर्ण पटलेलं नाही, हेही नोंदवते.

मग हे 'खरं' ड्रिफ्ट आहे का? यावर खेळाडू आणि पालक दोघेही चुकतात असं मला वाटतं, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच: स्क्रीनवरचं जसंच्या तसं रस्त्यावर उतरतं असं दोघं धरून चालतात. एकाला त्याचा अभिमान, दुसऱ्याला भीती. हाताची वेळ उतरते. पाठीला जाणवणारा धक्का, एका रात्रीत दोनशेदा गरगरूनही न लागणारा खर्च, न वाटणारी भीती, हे मागे राहतं. सोनी आणि निसान यांनी २००८ मध्ये जीटी अकॅडमी सुरू करून गेम खेळणाऱ्यांमधून रेसर निवडले, तेव्हा त्यांनाही शर्यतीआधी प्रत्यक्ष गाडीवर प्रशिक्षण घ्यावंच लागलं. आणि घरची हॅचबॅक पुढच्या चाकांची असताना पामबीचवर ते करून बघणाऱ्याला गेममधलं काहीच वाचवणार नाही. हे प्रकरण लिहिताना मी शब्द जपून वापरते, कारण उद्या कुणी यातलं अर्धं वाक्य उचलून परवानगीसारखं दाखवू शकेल.

शेवटी साधनांबद्दल, कारण तुम्हाला याचा उपयोग आहे. मुलाखतीत साल विचारलं तर लोक 'दहावीत असताना' असं सांगतात. त्याची सांगड गेमच्या आवृत्तीशी घालावी लागते. अठराखालचे असतील तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. एथिक्स कमिटी हे पहिलं बघते. आणि खरं दप्तर कुठल्याही अभिलेखागारात नाही. ते जुन्या हार्डडिस्कवर आहे: रिप्ले, सेटअप, कुणीतरी दिलेली मॉड गाडी, जिच्यातल्या टायरचे आकडे पुढच्या आवृत्तीत बदलले आणि आधीची प्रत डाउनलोडच्या पानावरून गेली. रिप्लेत स्टिअरिंगची हालचाल नोंदलेली असते. एकाच माणसाचे पहिल्या महिन्यातले आणि वर्षानंतरचे रिप्ले शेजारी ठेवले की चाक 'सोडायला' तो कधी शिकला ते दिसतं. त्यामुळे घरचा जुना पीसी भंगारवाल्याला देण्याआधी तो फोल्डर कॉपी करा, फाइलींच्या तारखा बदलू देऊ नका, आणि गेमची आवृत्ती कुठली होती ते एका कागदावर लिहून ठेवा.