रेडियमच्या जाकिटाची कुळकथा

महामार्गावर खड्डे बुजवणाऱ्या किंवा दुभाजकातले गवत काढणाऱ्या कामगाराच्या अंगातल्या भडक नारिंगी वा पोपटी जाकिटाला महाराष्ट्रात सर्रास ‘रेडियमचे जाकीट’ म्हणतात. रेडियमचा त्यात कणही नसतो. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना रेडियम मिसळलेला रंग लावत. अंधारात चमकेल ते रेडियम, ही बोलीतली खूणगाठ तिथली. खरे तर या जाकिटात दोन कुळे एकत्र शिवलेली आहेत. कापडाचा रंग दिवसासाठी, करडी पट्टी रात्रीसाठी.

रंगाचे मूळ कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात आहे. १९३३ साली बॉब स्वित्झर हा तरुण टोमॅटोची खोकी उतरवताना पडला. डोक्याला मार लागून दृष्टी अधू झाली आणि डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितले. भाऊ जोसेफला जादूच्या प्रयोगांचा नाद. वडिलांच्या औषधाच्या दुकानात दोघांनी बाटल्यांवर अतिनील दिवा फिरवला, तेव्हा काही द्रव्ये अंधारात झळकली. त्यांचे रंग बनवून ते आधी जादूच्या खेळात वापरले गेले. पुढे साध्या उन्हातही झळाळणारे रंग या भावांनी तयार केले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत अमेरिकी सैनिक अशा रंगाची कापडे जमिनीवर अंथरून आपल्याच विमानांना आपली ओळख पटवत.

साधे नारिंगी कापड उन्हातला नारिंगी भाग तेवढा परत पाठवते. हा रंग मात्र डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण आणि निळसर उजेड शोषून त्याचाही नारिंगी उजेड करतो, म्हणून कापड भोवतालापेक्षा उजळ भासते. ढगाळ हवेत आणि तिन्हीसांजेला हे विशेष जाणवते. अंधार पडला की त्याची ताकद सरते, कारण गाडीच्या दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात.

तिथून पट्टीचे काम सुरू होते, आणि तिचा जन्म रस्त्याच्याच गरजेतून झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या महामार्ग खात्याला रात्री दिसणारी मध्यरेषा हवी होती. ‘थ्रीएम’ कंपनीत हॅरी हेल्त्झर यांनी चिकटपट्टीवर काचेचे मणी बसवून पाहिले. रस्त्यावर ती टिकेना. फलकावर मात्र टिकली. असा पहिला फलक १९३९ मध्ये मिनियापोलिसजवळ उभा राहिला. चांगल्या प्रतीची पट्टी भिंगाखाली धरली, तर साखरेच्या कणांहून कितीतरी बारीक मण्यांचा थर दिसतो. मण्यात शिरलेला उजेड मागच्या ॲल्युमिनियमच्या मुलाम्यावर आदळून आल्या वाटेने परत जातो. त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला पट्टी पेटल्यासारखी दिसते; शेजारी उभ्या माणसाला ती करडीच दिसते.

अंगावर हे कापड नेमाने आले ते रुळांवर. १९६४ साली ब्रिटिश रेल्वेने ग्लासगोजवळच्या विद्युतीकरण झालेल्या मार्गावर कामगारांना नारिंगी जाकिटे देऊन पाहिली. ‘काजवे’ अशा अर्थाच्या नावाने ती ओळखली गेली. रस्त्यावरचा वापर त्यानंतर वाढला. ९ मार्च १९८५ रोजी टेक्सासमधल्या टायलर गावाजवळ एका नागरी मंडळाने महामार्गाचा दोन मैलांचा पट्टा सफाईसाठी दत्तक घेतला. तिथल्या योजनेत स्वयंसेवकांना सुरक्षेचे प्रशिक्षण आणि चमकणारी जाकिटे मिळत. ही बाब लहान नाही: कचरा वेचणारा माणूस वाकलेला असतो आणि त्याची पाठ बहुधा गाड्यांकडे असते.

युरोपात १९९४ मध्ये आणि अमेरिकेत १९९९ मध्ये अशा कपड्यांची मानके ठरली. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५८०९ हे २००८ चे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कामाच्या जागेवरील वाहतुकीसाठीच्या मार्गदर्शिकेत आगाऊ सूचनाफलक आणि शंकू यांचीही मांडणी दिलेली आहे, आणि ती आधी हवी. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. जाकीट तिला अडवत नाही. ते चालकाला माणूस लवकर दाखवते, इतकेच.

तेही जाकीट धड असेल तर. रंग उन्हाने विटतो, धूळ आणि डांबर पट्टीवर बसते, धुताना मणी झिजतात. म्हणूनच युरोपीय मानकाच्या जाकिटात शिवलेल्या लेबलावर ते किती वेळा धुता येईल याचा आकडा छापलेला असतो.