‘संपली’ आणि ‘बंद पडली’ : ‘शक्तिमान’ मालिकेचा शेवट व प्रेक्षकांचा प्रतिसाद

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या माणसाच्या बोलण्यात दोन क्रियापदे नित्य येतात, आणि त्यांची अदलाबदल तो कधी करीत नाही. पाळी ‘संपते’, कारखाना ‘बंद पडतो’. पाळीला तिचा शेवट आरंभापासूनच नेमून दिलेला असतो. भोंगा झाला की ती पुरी होते. कारखान्याला असा नेमलेला शेवट नसतो. 1877 मध्ये नागपुरात सुरू झालेली एम्प्रेस मिल पुढे बंद पडली, असेच सारे म्हणतात; ती संपली, असे कोणी म्हणत नाही. एका लोकप्रिय चित्रवाणी मालिकेच्या शेवटाविषयी प्रेक्षकांना काय वाटले, याचा शोध घेताना हा सामान्य भाषाभेद बराच उपयोगी पडतो.

ही मालिका म्हणजे ‘शक्तिमान’. दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर 13 सप्टेंबर 1997 रोजी तिचा पहिला भाग दाखविला गेला व 27 मार्च 2005 रोजी शेवटचा. मुकेश खन्ना हे तिचे निर्माते व नायक, तर दिनकर जानी हे दिग्दर्शक. ‘महाभारत’ मालिकेतील भीष्म म्हणून खन्ना घरोघरी आधीच परिचित होते. योगसाधनेने व पंचमहाभूतांच्या बळाने अमानुष सामर्थ्य पावलेला नायक, तमराज किलविष हा अंधाराचा अधिपती, आणि डॉक्टर जॅकाल हा विकृत बुद्धीचा शास्त्रज्ञ, अशी तिची मांडणी होती. तिला काटेकोर अर्थाने विज्ञानकथा म्हणता येईल काय, हा प्रश्न रास्त आहे. दूरदर्शननेच दाखविलेली ‘इंद्रधनुष’ (1989) किंवा मिलिंद सोमण यांची भूमिका असलेली ‘कॅप्टन व्योम’ (1998) या मालिका त्या नावाला अधिक पात्र ठरतील. तथापि प्रयोगशाळा, यंत्रमानव आणि विज्ञानाचा दुरुपयोग यांची ओळख खेड्यापाड्यांतील फार मोठ्या बालवर्गाला ‘शक्तिमान’नेच करून दिली. यास्तव विज्ञानकथेच्या सीमेवरील ही मालिका प्रेक्षक-इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरते.

मराठी वाचकाला विज्ञानकथा नवी नव्हती. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना 1966 मधली. तिच्या 1974 च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु ती परंपरा मुख्यतः लघुकथेची. लघुकथेचा शेवट लेखकाच्या हाती असतो आणि वाचक एका बैठकीत तेथवर पोहोचतो. मालिकेचे तसे नाही. ती वर्षानुवर्षे चालते, प्रेक्षक तिच्याबरोबर वाढतो, आणि तिचा शेवट कोणाच्या हाती असतो हे त्याला ठाऊक नसते. 1997 मध्ये सात वर्षांचे असलेले मूल 2005 मध्ये दहावीच्या उंबरठ्यावर आले होते.

‘शक्तिमान’चा शेवट कशामुळे झाला? निर्मात्यांनी पुढे जाहीरपणे दिलेले उत्तर असे, की दूरदर्शनला द्यावयाचे प्रक्षेपणशुल्क उत्तरोत्तर वाढत गेले व अखेरीस ते परवडेनासे झाले. मालिका आरंभी शनिवारी सकाळी व मंगळवारी सायंकाळी दाखविली जाई. पुढे तिला रविवारी दुपारची वेळ मिळाली. प्रेक्षक वाढले तशी वेळेची किंमतही वाढली. हे कारण एका पक्षाने सांगितलेले आहे, हे ध्यानात ठेवूनही एक गोष्ट स्पष्ट होते : हे कारण कथेच्या बाहेरचे आहे. अंधाराशी चाललेला लढा कथेच्या तर्काने जेथे पूर्ण व्हावा तेथे तो थांबला नाही. हिशेबाच्या वहीने जेथे थांबविला तेथे थांबला.

प्रेक्षकांची प्रतिक्रिया नेमकी या ठिकाणी भाषेतून प्रकट होते. ‘शक्तिमान’विषयी निर्मात्यांना सर्वाधिक वेळा विचारला गेलेला व त्यांनी वारंवार जाहीर उत्तर दिलेला प्रश्न ‘शेवट असा का केला?’ हा नाही. तो आहे : ‘मालिका बंद का झाली?’ मराठीत ‘पडणे’ हे क्रियापद सहायक म्हणून आले की कर्त्याच्या इच्छेविना, बहुधा अनिष्ट असे काही घडल्याचा बोध होतो. आजारी पडणे, ओस पडणे, विसर पडणे ही त्याची उदाहरणे. ‘बंद पडणे’ त्याच कुळातले. ‘बंद करणे’ म्हटले की कोणीतरी कर्ता पुढे येतो. ‘संपणे’ मात्र वस्तूच्या अंगभूत मर्यादेकडे बोट दाखविते. पोथी संपते, प्रवास संपतो, पाळी संपते. कोणी म्हणेल, नागपूरकडील मराठीवर हिंदीचा संस्कार दाट आहे, तेव्हा ‘बंद झाली’ हा केवळ हिंदीचा पडसाद असेल. परंतु ‘खत्म होना’ आणि ‘बंद होना’ हा भेद हिंदीतही आहेच. दोन्ही भाषांत दोन पर्याय उपलब्ध असता प्रेक्षकाने एकच निवडावा, यास अर्थ आहे. कथा पुरी झाल्याचे त्याने मान्य केले नव्हते.

येथे इतर प्रसंगांशी तुलना उद्बोधक ठरेल. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ ही मालिका 1967-68 मध्ये बंद होण्याच्या बेतात असताना प्रेक्षकांनी पत्रांची मोहीम उभारली. 1 मार्च 1968 रोजी वाहिनीला मालिका पुढे चालू राहील अशी घोषणा पडद्यावरूनच करावी लागली. ती आणखी एक वर्ष चालली. 3 जून 1969 रोजी तिचा अखेरचा नवा भाग दाखविला गेला, आणि तोही निरोपाचा भाग नव्हता. त्याच काळात, फेब्रुवारी 1968 मध्ये, इंग्लंडमध्ये ‘द प्रिझनर’ या मालिकेचा शेवट झाला. तो कर्त्या कलावंताने हेतुपूर्वक रचलेला होता. पण इतका गूढ, की चिडलेल्या प्रेक्षकांचे दूरध्वनी वाहिनीकडे सारखे खणखणू लागले. या दोन प्रतिक्रियांची जात भिन्न आहे. ‘बंद पडलेल्या’ कथेचा प्रेक्षक ती पुढे चालावी म्हणून मागणी करतो. ‘संपलेल्या’ कथेचा प्रेक्षक तिच्या अर्थाविषयी वाद घालतो. पहिल्याचे भांडण मालकाशी असते, दुसऱ्याचे लेखकाशी.

भारतात तिसराही एक प्रकार घडला. ‘रामायण’ ही मालिका 25 जानेवारी 1987 रोजी सुरू झाली व 31 जुलै 1988 रोजी राज्याभिषेकापाशी तिचा शेवट झाला. निर्मात्याच्या दृष्टीने कथा संपली होती. परंतु वाल्मीकींना आपले आद्यपुरुष मानणाऱ्या सफाई कामगारांनी उत्तरकांडाची मागणी केली, कारण ज्या भागात वाल्मीकी स्वतः कथेत येतात तोच भाग गळला होता. जालंधरसारख्या शहरांत संप झाला, कचऱ्याचे ढीग साचले, आणि पुढील भाग निघाले. म्हणजे कथा संपली की नाही हे ठरविण्याचा हक्क प्रेक्षकांतील एका वर्गाने आपल्याकडे ओढून घेतला व तो मान्य झाला. त्यांच्यापाशी संघटना होती, आणि काम थांबविण्याचे बळ होते.

‘शक्तिमान’च्या प्रेक्षकांपाशी यांपैकी काय होते? त्यातला मोठा वर्ग मुलांचा. संप करावा असे काम त्यांच्या हाती नव्हते. शिवाय त्यांची गणतीही झालेली नव्हती. जाहिरातदार ज्या लोकप्रियता-मोजणीवर विसंबत, ती यंत्रे 2005 च्या सुमारास एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांतील निवडक घरांत बसविलेली असत. ग्रामीण घरांची नियमित मोजणी नव्या संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये सुरू केली. नागपूर शहर या मोजणीच्या कक्षेत बसे. वेणा नदीकाठचे हिंगणा आणि तालुक्यातील गावे बसत नसत. वानाडोंगरी वा डिगडोह येथील चाळीत एका संचापुढे पंधरा मुले बसली काय आणि एकही न बसली काय, आकड्यांत फरक पडत नव्हता. 2001 च्या जनगणनेनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी 18.9 टक्के कुटुंबांकडेच चित्रवाणी संच होता. शेजाऱ्याच्या घरी बसून पाहणे हा ग्रामीण प्रेक्षकाचा सामान्य प्रकार होता, अपवाद नव्हे. केबलचे पैसे न भरता छपरावरील अँटेनावर दिसणारी वाहिनी एकच, दूरदर्शन. ज्यांच्यापाशी दुसरा पर्याय नव्हता, त्यांच्याच प्रतिसादाची नोंद झाली नाही.

या प्रेक्षकांचा विश्वास किती गाढ होता, याची साक्ष मालिकेच्या मध्यकाळात मिळते. 1998-99 च्या सुमारास, शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने मुलांनी जिवावर बेतणारी कृत्ये केल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. त्यांतील किती खऱ्या होत्या याविषयी वाद झाला. निर्मात्यांनी आरोप नाकारले. तरीही नायकाने पडद्यावरून मुलांना थेट उद्देशून, असली कृत्ये करू नका, असे सांगण्याचा मार्ग त्यांना स्वीकारावा लागला. भागाच्या शेवटी मुलांना चांगल्या सवयींचे पाठ देण्याची प्रथा मालिकेत होतीच. कथेतील पात्राने कथेबाहेर येऊन प्रेक्षकाशी बोलावे, हे कीर्तनकाराच्या पद्धतीशी जुळते. आख्यान थांबवून बुवा श्रोत्यांकडे वळतात, तसेच हे. परंतु कीर्तनकार आख्यान पुरे केल्यावाचून उठत नाही. आरती होते, प्रसाद वाटला जातो, मगच श्रोते घरी जातात. व्रताची कहाणी ‘सुफळ संपूर्ण’ म्हटल्याखेरीज सोडीत नाहीत. संगीत नाटकाला भरतवाक्य असते. मराठी श्रोत्याच्या कानाला समाप्तीचा विधी परिचित आहे, आणि त्या विधीमागे एक करार आहे : ज्याने ऐकावयास बसविले त्याने उठण्याची अनुज्ञाही द्यावयाची. आठ वर्षे मुलांशी वडीलधाऱ्याच्या नात्याने बोलणाऱ्या मालिकेत हा करार अन्य कोणत्याही मालिकेपेक्षा अधिक बंधनकारक होता. तो मोडला तो पात्राने नव्हे, व्यवहाराने. पण मुलाला पडद्यावर पात्रच दिसत होते.

दूरदर्शनने संपलेली विज्ञानकथा दाखविलीच नव्हती असेही नाही. 1980 नंतरच्या दशकात ‘जायंट रोबॉट’ ही जपानी मालिका मुलांनी पाहिली होती. 1967-68 मध्ये जपानात निर्माण झालेल्या या 26 भागांच्या मालिकेच्या अखेरीस यंत्रमानव आपल्या बालस्वामीची आज्ञा मोडून शत्रूसह अंतराळात झेपावतो व आत्मबलिदान करतो. हा शेवट दुःखद आहे, पण तो शेवट आहे. त्याविषयी बोलणारा मनुष्य शेवटच्या दृश्याविषयी बोलतो. ‘शक्तिमान’विषयी बोलणारा मनुष्य रविवारच्या दुपारविषयी बोलतो. स्मृती कशाला चिकटते याचा हा फरक कथेच्या समाप्तीने घडविला आहे.

प्रतिसादाचा उत्तरार्ध पंधरा वर्षांनी आला. मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली व दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा काढल्या. ‘रामायण’पाठोपाठ एप्रिलमध्ये उत्तररामायणाचे भाग दाखविले गेले, 1988 च्या संपाने मिळविलेला शेवट नव्या पिढीलाही आयता मिळाला. ‘शक्तिमान’ही त्याच एप्रिलमध्ये परतली. 2005 ची मुले आता आईबाप झाली होती. ‘बंद का झाली?’ हा प्रश्न या वेळी पुन्हा विचारला गेला, निर्मात्यांनी पुन्हा उत्तर दिले, आणि कथा पुढे नेण्याचे बोलणेही झाले. फेब्रुवारी 2022 मध्ये या पात्रावर चित्रपट काढण्याची घोषणा झाली. त्याआधी, 2013 मध्ये, मुलांच्या एका वाहिनीने त्यावर चित्रवाणीपट दाखविला होता. परंतु नवा आरंभ म्हणजे जुन्या कथेची समाप्ती नव्हे.

सारांश, ‘शक्तिमान’च्या शेवटाला प्रेक्षकांनी प्रतिसाद दिला नाही, असे जे सकृद्दर्शनी वाटते, ते खरे नाही. पत्रमोहीम झाली नाही, संप झाला नाही, आकड्यांत काही उमटले नाही. पण क्रियापदाच्या निवडीत निषेध नोंदला गेला व तो वीस वर्षे टिकला. ज्या प्रेक्षकांची मोजणी झाली नाही त्यांचा इतिहास लिहावयाचा तर असल्या भाषिक पुराव्याकडे वळणे भाग आहे. 1997 मध्ये शाळेत असलेली पिढी आज तिशी-चाळिशीत आहे. हिंगणा तालुक्यातील गावांतून तिच्या आठवणी टिपून घेण्यास उशीर झालेला नाही. मात्र प्रश्न विचारणाऱ्याने एक दक्षता घ्यावी. ‘मालिका संपली तेव्हा काय वाटले?’ असे विचारू नये. ‘त्यानंतरच्या रविवारी काय केले?’ असे विचारावे, आणि उत्तरात ‘संपली’ येते की ‘बंद पडली’, हे जसेच्या तसे उतरून घ्यावे.