बॅटरी की मदरबोर्ड? लॅपटॉपमधील वीजदोषाच्या निदानाचा इतिहास

प्रस्तावना

लॅपटॉप सुरूच होत नाही, किंवा अडॅप्टरची पिन काढताक्षणी बंद पडतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो असा : दोष बॅटरीत आहे की मदरबोर्डमध्ये? उत्तरावर पुढचा खर्च ठरतो. बॅटरी बदलणे बहुतेकांना परवडते. मदरबोर्ड बदलायचा तर खर्च कित्येकदा जुन्या लॅपटॉपच्या किमतीजवळ जातो आणि चांगले यंत्र भंगारात निघते. उलट, बोर्डचा दोष असताना नवी बॅटरी घेतली तर पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

या पाठात आपण हा प्रश्न कसा घडत गेला ते पाहणार आहोत. मुख्य मुद्दा आधीच लक्षात घ्या. बॅटरी आणि बोर्ड यांच्यातील सीमा दर पिढीच्या यंत्रात सरकत गेली आहे. आजची बरीच चुकीची निदाने मागच्या पिढीची कसोटी पुढच्या पिढीच्या यंत्राला लावल्यामुळे होतात.

१. प्रश्न लॅपटॉपहून जुना आहे

व्होल्टाने १८०० मध्ये आपल्या विद्युतघटमालेची माहिती प्रसिद्ध केली. घटांवर चालणारे पहिले मोठे जाळे म्हणजे तारायंत्र. भारतात १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही प्रायोगिक तार विल्यम ओ'शॉनेसी यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. संदेश पोचेनासा झाला की तारबाबूपुढे तीन संशयित असत : घट, तार आणि यंत्र. उपाय एकच होता. मार्ग मध्येच सोडवायचा, एकेक भाग वेगळा करायचा आणि प्रत्येकाची गॅल्व्हानोमीटरने तपासणी करायची. दोषशोधनाचे हे मूलतत्त्व आजही बदललेले नाही.

पुढे १९२३ मध्ये ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून 'अ‍ॅव्हो' मीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम या तिन्ही एककांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. आजचा मल्टिमीटर त्याच घराण्यातला.

मात्र मीटर हाती आला तरी एक चकवा कायम राहिला. थकलेली बॅटरी भार नसताना जवळपास पूर्ण व्होल्टेज दाखवते. याचे कारण तिचा अंतर्गत रोध. उदाहरण घ्या. बॅटरी भाराविना १२ व्होल्ट दाखवते आणि लॅपटॉप ३ अँपिअर प्रवाह घेतो. अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर घट फक्त ०.३ व्होल्टची. बॅटरी जुनी होऊन रोध १ ओहम झाला, तर त्याच प्रवाहाला ३ व्होल्ट गळतात आणि बोर्डपर्यंत ९ व्होल्टच पोचतात. तीन सेलच्या बॅटरीत म्हणजे दर सेलला ३ व्होल्ट. या पातळीच्या आसपास संरक्षक मंडल पुरवठा तोडते. म्हणूनच पडद्यावर ४० टक्के दिसत असताना लॅपटॉप अचानक मिटतो. दोष बॅटरीचा असतो, पण भाराविना घेतलेले मापन तिला निर्दोष ठरवते.

२. पहिली वाहती यंत्रे

एप्रिल १९८१ मध्ये आलेला ऑस्बोर्न १ हा सुमारे ११ किलो वजनाचा 'वाहता' संगणक. त्याच्या मूळ रचनेत बॅटरीच नव्हती, त्यामुळे आपला प्रश्नही नव्हता. भिंतीतून वीज येत असेल आणि यंत्र चालत नसेल, तर दोष यंत्रातच. त्याच सुमारास एप्सनच्या एचएक्स-२० मध्ये निकेल-कॅडमियमची पुन्हा भरता येणारी बॅटरी आली आणि संशयित दोन झाले.

१९८९ चा मॅकिंटॉश पोर्टेबल हा निदानाच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद नमुना. सुमारे सात किलोच्या या यंत्रात मोटारीत असते तशा जातीची, पण बंदिस्त, शिसे-आम्ल बॅटरी होती. रचना अशी की बॅटरी विजेच्या वाटेतच बसवलेली. ती पूर्ण निकामी झाली की नुसता अडॅप्टर लावून यंत्र सुरू होत नसे. अडॅप्टर चांगला, बोर्ड चांगला, तरी यंत्र मृत! 'अडॅप्टरवर चालत नाही, म्हणजे बोर्ड गेला' हा नियम येथे साफ फसतो. पुढच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी काढून केवळ अडॅप्टरवर यंत्र चालवता येऊ लागले आणि बॅटरी काढून पाहणे ही दुरुस्तीच्या दुकानातील पहिली कसोटी बनली.

३. बॅटरीच्या आत शिरलेला बोर्ड

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यात ऊर्जा जास्त मावते, पण ती जास्त भरली, फार रिती झाली किंवा तापली तर धोका होतो. १९९५ च्या पॉवरबुक ५३०० मध्ये या बॅटऱ्यांनी पेट घेतल्याचे प्रकार घडले आणि अ‍ॅपलने त्या मागे घेऊन निकेल-मेटल हायड्राइडच्या बॅटऱ्या दिल्या.

त्यामुळे प्रत्येक बॅटरीत एक छोटे संरक्षक मंडल बसवणे अपरिहार्य झाले. १९९५ मध्येच ड्युरासेल आणि इंटेल यांनी 'स्मार्ट बॅटरी'ची मानके मांडली. बॅटरी आता आपले तापमान, उरलेला भार आणि भरण्यासाठी हवे असलेले व्होल्टेज स्वतः सांगू लागली. व्होल्टेजच्या दोन टोकांशेजारी संदेशाच्या पिना आल्या.

निदानाच्या दृष्टीने ही मोठी उलथापालथ होती. सेल शाबूत असूनही बॅटरीतील मंडल स्वतःला कुलूप लावून घेऊ शकते, मग बाहेरच्या पिनांवर शून्य व्होल्ट मिळतात. सेल व बोर्ड दोन्ही ठीक असूनही संदेशाची पिन गंजली की 'प्लग लावला आहे, चार्जिंग होत नाही' अशी सूचना येते. 'बॅटरी' हा एक संशयित राहिला नाही. सेल, बॅटरीतील मंडल, संदेशवाहिनी आणि मदरबोर्डवरील चार्जिंग चिप असे चार झाले.

४. २००६ : वाद उद्योगाच्या पातळीवर

ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. त्याच महिन्यात अ‍ॅपलने सुमारे १८ लाख. सेल सोनीचे होते. उत्पादनाच्या वेळी धातूचे सूक्ष्म कण सेलमध्ये राहिल्याने आत शॉर्टसर्किट होऊ शकते, असे कारण पुढे आले. सोनीने मात्र हेही सांगितले की ही शक्यता वेगवेगळ्या लॅपटॉपच्या रचनेनुसार कमीजास्त होते. दुकानात विचारला जाणारा प्रश्न येथे कंपन्यांमध्ये उभा राहिला. कणांचा दोष सेलचा होता. तरी सेल कसा भरला जातो आणि किती तापतो हे बाकीच्या यंत्रावर अवलंबून असते.

५. बंद कवच आणि बोलका अडॅप्टर

जानेवारी २००८ मध्ये जाहीर झालेल्या मॅकबुक एअरमध्ये वापरणाऱ्याला सहज काढता येणारी बॅटरी नव्हती. हळूहळू इतरांनीही तीच रचना स्वीकारली. यंत्रे पातळ झाली, पण खटका सरकवून बॅटरी काढण्याची पहिली कसोटी सामान्य माणसाच्या हातातून गेली. शिवाय काही लॅपटॉप बॅटरीविना मुद्दाम मंद चालतात किंवा सुरूच होत नाहीत. १९८९ चा धडा येथे पुन्हा लागू पडतो.

यूएसबी-सी आल्यावर अडॅप्टरही बोलू लागला. तो आधी ५ व्होल्ट देतो. लॅपटॉपशी संवाद यशस्वी झाला तरच २० व्होल्टपर्यंत चढतो. संवाद तुटला तर दोष अडॅप्टर, केबल, पोर्ट किंवा बोर्डवरील चिप यांपैकी कुठेही असू शकतो. निर्दोष बॅटरीवर बालंट येते ते अशा वेळी.

या काळात दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत बोर्डवरील सुटी चिप बदलणारे कारागीर टिकून राहिले. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियमही आले. योग्य निदान हा आता ग्राहकहक्काचा आणि कचऱ्याचाही प्रश्न आहे.

६. इतिहासातून मिळणारी तपासणीची रीत

तुमच्या लॅपटॉपवर ही रीत पुढील क्रमाने वापरा.

(१) आधी अडॅप्टर तपासा. शक्य तर त्याच व्होल्टेजचा, पुरेशा क्षमतेचा आणि त्याच मॉडेलला चालणारा दुसरा लावून पाहा.

(२) ६० किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय चालू आहे का ते सेटिंगमध्ये पाहा. तो दोष नव्हे.

(३) विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता यांत मोठी तफावत असेल, टक्के एकदम कोसळत असतील, तर सेल थकले आहेत.

(४) अडॅप्टरवर चालतो, काढताच बंद पडतो : संशय प्रथम बॅटरीवर. पण नवी बॅटरी घेण्याआधी शक्य तर त्याच मॉडेलची चालू बॅटरी लावून पाहा. तीही चालली नाही, तर बोर्डवरील स्विचिंगचा भाग तपासावा लागेल.

(५) बॅटरी सोडवल्यावर अडॅप्टरवर चालतो, जोडल्यावर मृत : दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत.

(६) दोन्ही प्रकारे मृत : जॅक, फ्यूज किंवा बोर्ड. येथे कारागीर बेंच पॉवर सप्लाय लावून प्रवाह पाहतो. प्रवाह शून्य असेल तर वाट तुटलेली, फार जास्त असेल तर शॉर्ट.

बॅटरी फुगलेली असेल तर कोणतीही तपासणी करू नका. चार्जिंग थांबवा, तिला टोचू वा दाबू नका, आणि जाणकाराकडे द्या.

समारोप

तारबाबूची रीत अजून चालते : वाट तोडा, भाग वेगळे करा, भाराखाली मोजा. बदलले आहे ते भागांचे स्वरूप. म्हणून दुकानात 'बोर्ड गेला' असे ऐकलेत, तर एक प्रश्न जरूर विचारा : हे कोणत्या मापनावरून ठरवले? उत्तरात एखादा आकडा किंवा पर्यायी भाग लावून केलेली चाचणी असेल, तर निदानाला आधार आहे. नसेल, तर पैसे देण्याआधी दुसरीकडे दाखवा.

स्वाध्याय

१. भाराविना घेतलेले व्होल्टेज बॅटरीची खरी स्थिती का सांगत नाही? अंतर्गत रोधाच्या आधारे स्पष्ट करा.
२. मॅकिंटॉश पोर्टेबलच्या रचनेमुळे निदानाचा कोणता नियम अपुरा ठरतो?
३. बॅटरीच्या पिनांवर शून्य व्होल्ट मिळाले. सेल निकामी आहेत असे लगेच म्हणता येईल का? कारण द्या.